मुलांचं बीपी आणि कोलेस्टेरॉल : कोल्हापुरातल्या पालकांनी तपासणी कशी करून घ्यावी

लहान पोरांनाही बीपी असतं, कोलेस्टेरॉल असतं, आणि दोन्ही वाढलेलं असलं तरी पोरगं मैदानावर तितक्याच उड्या मारत असतं. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, भूक मरत नाही. मोजल्याशिवाय कळायला दुसरा मार्ग नाही. आपल्याकडे मात्र नजरेनंच निदान करायची सवय. गुबगुबीत पोर दिसलं की "खात्यापित्या घरचं हाय", आणि काडी पैलवान असलं की "ह्याच्या अंगात चरबी हायच कुठं?" यातलं दुसरं वाक्य जास्त घातक. वाढलेल्या वजनाचा बीपीशी संबंध आहेच, पण आनुवंशिक कोलेस्टेरॉल असलेली बरीच मुलं सडपातळ असतात, खेळात पुढं असतात. वजनकाट्याला त्यांचा पत्ता लागत नाही. तो लागतो घरातल्या थोरामोठ्यांच्या आजारपणांवरून, म्हणून तपासणीची सुरुवात दवाखान्यात जायच्या आधी घरातच करायची.

पहिलं काम : वही-पेन घेऊन बसा

मुलाचे आई-वडील, दोन्हीकडचे आजी-आजोबा, काका, आत्या, मामा, मावशी, एवढ्या सगळ्यांची यादी करा. प्रत्येकाच्या नावापुढं हार्ट अटॅक, स्टेंट, बायपास, लकवा किंवा अचानक मृत्यू झाला असल्यास ते लिहा आणि तेव्हाचं वय लिहा. वय सर्वात महत्त्वाचं. पुरुषाला ५५ च्या आत किंवा बाईला ६५ च्या आत हृदयाचा त्रास झाला असेल, तर डॉक्टरांच्या दृष्टीनं ती लवकरची घटना ठरते आणि मुलाच्या तपासणीचं वेळापत्रक बदलतं.

वय विचारलं की घरची म्हातारी माणसं आकडा सांगत नाहीत. "झोपेतच गेला", "फडात ऊस तोडता तोडता बसला तो बसलाच", "थोरलीच्या लग्नाच्या वर्षी" अशी उत्तरं येतात. चालतील. लग्नाच्या सालावरून वय काढता येतं. आईकडची बाजू विसरू नका, यादीत हमखास मामाकडची माणसं गळतात.

आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्नं होतात, तशी ती तुमच्या घरात झाली असतील तर तेही लिहा. आनुवंशिक कोलेस्टेरॉल एकाच पालकाकडून आलं तर मुलाचा एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणारं वाईट कोलेस्टेरॉल, वाढतो. जगभरचे आकडे पाहिले तर असा दोष साधारण २५० ते ३०० माणसांत एकाला असतो. नात्यातल्या लग्नात मात्र तोच दोष आई आणि वडील दोघांकडून येण्याची शक्यता वाढते. असं मूल विरळा, पण त्याचा एलडीएल ४००-५०० च्या घरात जातो आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या लहानपणीच खराब व्हायला लागतात. कोपर, गुडघे, ढुंगणाची घडी, टाचेमागची शीर इथं पिवळसर गाठी दिसल्या तर त्यांना चामखीळ समजून चुना लावत बसू नका. थेट बालरोगतज्ज्ञांकडं जा.

आई-वडिलांचं स्वतःचं कोलेस्टेरॉल किती आहे? बहुतेक घरांत उत्तर येतं, "कधी केलंच नाही." मग आधी स्वतःचं करून घ्या. तुमचं एकूण कोलेस्टेरॉल २४० किंवा त्याच्या वर निघालं, तर तेवढ्यावरूनच मुलाची तपासणी करायला हवी.

शेवटी मुलाचीही चार वाक्यं लिहा. दिवस भरायच्या आधी जन्म झाला का, काचेच्या पेटीत ठेवलं होतं का, हृदयाला छिद्र होतं का, लघवीची इन्फेक्शन वारंवार होतात का, झोपेत घोरतं का. स्टेरॉइडची औषधं किंवा नाक मोकळं करणारी थेंबं-सिरपं चालू असतील तर तीही, कारण त्यांनी बीपी वाढतं.

कधी तपासायचं

बीपी तिसऱ्या वर्षापासून वर्षातून एकदा. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेत हेच आहे. मूल लठ्ठ असेल, त्याला मधुमेह किंवा किडनीचा आजार असेल, तर दवाखान्याच्या प्रत्येक भेटीत मोजायचं. अपुऱ्या दिवसांचं बाळ, जन्मतः हृदयदोष किंवा किडनीचा त्रास असेल तर तीन वर्षांची वाट न पाहता आधीपासून.

कोलेस्टेरॉलबद्दल जाणकारांतच मतभेद आहेत. अमेरिकेतल्या तज्ज्ञ गटानं २०११ मध्ये सांगितलं की सरसकट सगळ्या मुलांचं ९ ते ११ वर्षांच्या दरम्यान एकदा आणि १७ ते २१ मध्ये पुन्हा एकदा करावं. घरात लवकरचा हृदयविकार असेल किंवा मुलाला मधुमेह, बीपी, लठ्ठपणा असेल तर वयाच्या दुसऱ्या वर्षानंतर केव्हाही. उलट तिथल्याच प्रतिबंधक आरोग्य सेवांच्या टास्क फोर्सनं २०२३ मध्ये म्हटलं की सरसकट तपासणीच्या बाजूनं किंवा विरोधात सांगण्याइतका पुरावा हाती नाही. मुलांच्या बीपीबद्दलही त्यांनी २०२० मध्ये हेच म्हटलं होतं. माझं मत विचाराल तर बीपी मोजायला सुई लागत नाही, पाच-दहा मिनिटं लागतात, ते चुकवू नये. कोलेस्टेरॉल मात्र वहीत काही सापडलं तर नक्की करा. काहीच नसेल तर दहाव्या वर्षाच्या आसपास डॉक्टरांशी बोलून ठरवा. वयात येताना कोलेस्टेरॉल तात्पुरतं उतरतं, म्हणून त्याच्या आधीचं हे ९ ते ११ चं वय निवडलंय. तेराव्या-चौदाव्या वर्षीचा चांगला रिपोर्ट फसवा असू शकतो.

कुठं जायचं

नेहमीचे बालरोगतज्ज्ञ सर्वात बरे, कारण त्यांच्याकडं उंची-वजनाची जुनी नोंद असते. सरकारीत सीपीआरची, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाची, बालरोग ओपीडी आहे, गावाकडं प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून फिरतात, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा. शाळेत पथक आलं की मुलाला त्या दिवशी घरी ठेवू नका. पण तिथं रक्त काढून कोलेस्टेरॉल बघत नाहीत, तेव्हा "शाळेत तपासलंय की" म्हणून गाफील राहू नका.

जायच्या आधी फोन करून एकच विचारा : "लहान मुलांचा बीपीचा पट्टा आहे का?" नाही म्हटले तर दुसरीकडं जा. राजारामपुरीच्या एका गल्लीत नसला तर पुढच्या गल्लीत मिळेल.

बीपी मोजताना तुम्ही काय बघायचं

मोजणारे दवाखान्यातले, पण निम्मं काम पालकाचं. मुलांच्या बाबतीत चुकीचं बीपी हे बहुतेक वेळा चुकीच्या मोजण्यामुळं येतं, आणि एकदा फाइलवर आकडा चढला की घरभर काळजी सुरू होते.

मोजण्याच्या आधी अर्धा तास चहा, कॉफी, कोला नको आणि पळापळी नको. क्लासवरून सायकल हाणत आलेल्या पोराला तसंच खुर्चीत बसवलं तर आकडा वरच येणार. लघवी करून यायला सांगा. मग पाठ टेकून तीन ते पाच मिनिटं शांत बसवा. मोबाइल काढून घ्या, गेम खेळताना हृदय शांत नसतं. मोठ्यांच्या खुर्चीत सात वर्षांच्या मुलाचे पाय लोंबकळतात. पायाखाली स्टूल द्या, नसेल तर दप्तर ठेवा. पायावर पाय नको. दंड उघडा हवा. स्वेटरची बाही गुंडाळून वर सरकवली तर तीच दंडाला आवळते, त्यापेक्षा बाही काढलेली बरी. उजवा हात टेबलावर, हृदयाच्या उंचीला. मोजताना बोलायचं नाही, आणि तुम्हीही मागून "घाबरू नको, घाबरू नको" करायचं नाही. रडणाऱ्या मुलाचा आकडा लिहूच नये.

उजवा हातच का, असं कुणी विचारेल. मुलांचे तक्ते उजव्या हाताच्या मोजमापावर बनलेत. शिवाय काही मुलांत शरीराची मुख्य धमनी एका जागी आकसलेली असते, आणि अशा वेळी डाव्या हाताचं बीपी खोटं कमी येऊ शकतं.

आता पट्टा. बाहेरचं कापड बघू नका, आतली फुगणारी पिशवी बघा. तिची रुंदी दंडाच्या घेराच्या निदान ४० टक्के आणि लांबी ८० ते १०० टक्के हवी. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध घेर मोजतात. समजा घेर १८ सेंटिमीटर भरला, तर पिशवी निदान सव्वासात सेंटिमीटर रुंद आणि साडेचौदा ते अठरा लांब पाहिजे. पट्टा लहान पडला की बीपी खोटं जास्त दिसतं, फार मोठा झाला की थोडं कमी. लहान मुलाला मोठ्यांचा पट्टा गुंडाळतात ही चूक सगळ्यांना ठाऊक असते. कोल्हापुरात उलटी चूकही होते. तालमीतला चौदा वर्षांचा पोरगा, दंड ३० सेंटिमीटरचा, आणि वय बघून त्याला मुलांचा पट्टा! अशा पोराला मोठ्या माणसाचाच पट्टा लागतो. घेर ३५ च्या पुढं गेला तर त्याहून मोठा.

इलेक्ट्रॉनिक मशिननं पहिली चाचपणी करायला हरकत नाही. आकडा जास्त आला तर त्याच भेटीत आणखी दोनदा मोजून सरासरी काढायची, आणि तरीही जास्तच राहिला तर स्टेथोस्कोप लावून हातानं मोजायला सांगायचं. मनगटाला बांधायचं यंत्र मुलांसाठी वापरू नका.

आकडा वाचायचा कसा

मोठ्यांचं १२०/८० इथं लावू नका. तेरा वर्षांखालच्या मुलाचं बीपी वय, उंची आणि मुलगा की मुलगी यावर ठरतं. त्याच वयाची आणि उंचीची शंभर मुलं बीपीप्रमाणे रांगेत उभी केली, तर नव्वदाव्या जागेच्या आतलं ते ठीक, नव्वद ते पंचाण्णव थोडं चढं आणि पंचाण्णवच्या पुढं उच्च. डॉक्टर तक्ता बघतात. तुम्हाला अंदाज यावा म्हणून २०१७ च्या मार्गदर्शिकेतले चाळणीचे आकडे देतो : तीन वर्षांच्या मुलाला १०१/५८ आणि मुलीला १०२/६०, पाच वर्षांना १०३/६३ आणि १०४/६४, आठला दोघांना १०७/६९, दहाला १०८/७२ आणि १०९/७२, बाराला ११३/७५ आणि ११४/७५. वरचा किंवा खालचा, यातला एक जरी आकडा गाठला गेला तरी मूल आजारी ठरत नाही, फक्त त्याचं बीपी नीट तक्ता घेऊन बघावं लागतं. तेराव्या वर्षापासून सोपं आहे. १२०/८० च्या खाली ठीक, वरचा आकडा १२० ते १२९ असेल तर चढतं, १३०/८० पासून उच्च (पहिली पायरी), १४०/९० पासून जास्तच उच्च (दुसरी पायरी).

एका दिवसाच्या आकड्यावर "बीपी आहे" असं कुणी म्हणत नाही, म्हणूही नये. थोडं चढं असेल तर सहा महिन्यांनी पुन्हा. उच्चच्या पहिल्या पायरीत एक-दोन आठवड्यांनी आणि मग तीन महिन्यांनी. तीन वेगवेगळ्या भेटींत जास्त आलं तरच शिक्का. दवाखान्यात घाबरून चढतं अशी शंका असेल तर २४ तास अंगावर ठेवायचं मशिन लावतात. दुसऱ्या पायरीचा आकडा मात्र आठवड्याच्या आत निकालात काढायचा. आणि बीपी खूप जास्त असून सोबत जोराची डोकेदुखी, उलट्या, धूसर दिसणं, झटके किंवा धाप असेल, तर अपॉइंटमेंट वगैरे काही नाही, तडक मोठ्या हॉस्पिटलात किंवा १०८ ला फोन.

मूल जितकं लहान, तितकं बीपीमागं दुसरं काही कारण असण्याची शक्यता जास्त. बहुतेक वेळा ते किडनीत सापडतं. म्हणून लघवीची तपासणी, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी), सहा वर्षांखाली किडनीची सोनोग्राफी सांगतात. पायातलंही बीपी मोजतात. "बीपी हातात, सोनोग्राफी पोटाची कशाला?" असं म्हणून ती टाळू नका. चेहरा सकाळी सुजलेला दिसत असेल, लघवी कोल्यासारखी काळपट होत असेल, तर ते स्वतःहून सांगा.

कोलेस्टेरॉलची तपासणी

पहिल्या फेरीला उपाशी राहायलाच हवं असं नाही. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, वजा केलं की जो आकडा उरतो, त्याला नॉन-एचडीएल म्हणतात, आणि तो जेवलेल्या मुलातही चालतो. पण ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसऱ्या प्रकारची चरबी, बघायचं असेल तर आठ ते बारा तास उपाशीपोटी. पाणी पिऊ द्या. त्यामुळं सकाळचं पहिलं नाव लावा आणि डबा सोबत न्या, रक्त दिलं की लगेच खाऊ द्या. रविवारी रात्री मटण आणि रस्सा चापून सोमवारी सकाळी लॅब, असं करू नका. ताप, मोठं इन्फेक्शन झालं असेल तर काही आठवडे थांबा, आजारपणात आकडे बदलतात.

रिपोर्ट हातात आल्यावर सर्वात मोठा घोळ होतो. लॅबच्या कागदावर उजव्या बाजूला छापलेल्या मर्यादा बहुधा मोठ्यांच्या असतात. मुलांच्या वेगळ्या आहेत. एकूण कोलेस्टेरॉल १७० च्या खाली ठीक, २०० पासून जास्त. एलडीएल ११० च्या खाली ठीक, १३० पासून जास्त. नॉन-एचडीएल १२० च्या खाली ठीक, १४५ पासून जास्त. एचडीएल ४५ च्या वर हवं, ४० च्या खाली कमी. ट्रायग्लिसराइड नऊ वर्षांपर्यंत १०० पासून आणि त्यानंतर १३० पासून जास्त. समजा दहा वर्षांच्या मुलीचं एकूण १८८ आणि एचडीएल ३८ आलं. कागदावर १८८ पुढं नॉर्मल लिहिलेलं असेल. वजाबाकी करा : १५०. म्हणजे जास्त. असा रिपोर्ट फाइलला लावून कपाटात ठेवणारी घरं कमी नाहीत.

जास्त आलं तर उपाशीपोटी पुन्हा, दोन आठवडे ते तीन महिन्यांच्या अंतरानं, आणि दोन्हींची सरासरी. त्या वेळी थायरॉइड, साखर, लघवीतलं प्रोटीन बघायला सांगतात, कारण थायरॉइड मंदावलं किंवा किडनीतून प्रोटीन जायला लागलं तरी कोलेस्टेरॉल चढतं. ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर गेलं तर स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते, तिथं थांबायचं नाही.

वाढलेलं निघालं तर

पोराला वेगळं ताट वाढू नका. घराचंच ताट थोडं बदला, नाहीतर भावंडं मिसळ खाताना हा एकटा दही-भातावर, आणि मग मधल्या सुट्टीत चोरून वडापाव.

बीपीसाठी मीठ. भाजीतल्या मिठापेक्षा वरून येणारं मीठ बघा : पापड, लोणचं, फरसाण, भडंग, पाकिटातले चिप्स, नूडल्सचा मसाला. पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. त्याला अडीचनं गुणलं की मीठ निघतं. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ. मोठ्या माणसालाच दिवसाला पाच ग्रॅमच्या आत सांगितलंय, मुलाला त्याहून कमी.

कोलेस्टेरॉलसाठी तवंग. रश्श्यावरचा कट बाजूला काढा, मटण बंद करायची गरज नाही, तुकडे आणि वार कमी करा. गंगावेशच्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पाजणं हा आपल्याकडचा लाड आहे, पण ते दूध जाड असतं. कच्च्या दुधातून रोगही येतात. घरी तापवून साय काढून द्या. दोन वर्षांखालच्या बाळाचं तूप-दूध मात्र स्वतःच्या मनानं कमी करू नका, त्या वयात मेंदूला चरबी लागते.

रोज तासभर घाम येईल असं खेळणं, पेठेतल्या फुटबॉलनं ते आपोआप होतं. पण एक लक्षात ठेवा. बीपी दुसऱ्या पायरीत असेल तर ते आटोक्यात येईपर्यंत कुस्ती आणि वजनं उचलणं बंद ठेवायला सांगतात, कारण जोर लावताना बीपी एकदम उसळतं. वस्तादांना स्वच्छ सांगा. लपवून मैदानात उतरवू नका.

आनुवंशिक कोलेस्टेरॉल नुसत्या खाण्यानं पुरेसं उतरत नाही. सहा महिने खाणं सांभाळूनही एलडीएल १९० च्या वर, किंवा घरात लवकरचा हृदयविकार असताना १६० च्या वर राहिला, तर साधारण दहाव्या वर्षापासून, कधी आठव्यापासून, डॉक्टर कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी सुरू करतात. गोळीचं नाव ऐकून आजी लसणाच्या पाकळ्या सोलायला घेतात. लसूण भाजीत घाला, गोळी मात्र चालू ठेवा.

आणि मुलाचा एलडीएल असा निघाला तर त्याच आठवड्यात आई, वडील, भावंडं सगळ्यांचं लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची ही सगळी रक्ततपासणी, करा. दोष ज्या पालकाकडून आला असेल त्याच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. त्या पालकाचं वय बहुधा पस्तीस-चाळीस, आणि त्याला स्वतःला काही जाणवत नसतं. रिपोर्टची एक झेरॉक्स त्या बाजूच्या काका-आत्या किंवा मामा-मावशीच्या घरीही पाठवा.